पूजा नव्हे, ओळख

आर्ट स्पीगेलमन यांच्या 'माऊस' या चित्रकथेचा पहिला भाग १९८६ सालीं व दुसरा १९९१ सालीं निघाला. तींत ज्यू उंदरांच्या व जर्मन मांजरांच्या रूपानें येतात. लेखकाचे वडील व्लाडेक हे पोलंडमधील ज्यू. ऑश्विट्झच्या छळछावणींतील सक्तीच्या मजुरींत पत्रेकामाचें व जोडेदुरुस्तीचें कसब दाखवून त्यांनीं जीव तगविला. १९८२ सालीं ते वारले. दुसऱ्या भागाच्या अर्पणपत्रिकेंत जिचें नांव आहे ती नात त्यानंतर जन्मली; आजोबा तिला भेटावयाचे ते या ग्रंथांतच.

मग असे आजोबा रंगवावे कसे? लेखकानें त्यांना देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं. त्यांचा चिक्कूपणा, काळ्या माणसाविषयींचा तिटकारा, मृत पत्नीच्या रोजनिशा जाळल्याची गोष्ट, सारें उघड मांडलें आहे. ही वडिलांची अप्रतिष्ठा नव्हे काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें हाच खरा आदर होय. छळानें माणूस साधु होत नाहीं. आणि साधूंवरचाच अन्याय तेवढा अन्याय मानला, तर माणसांची लायकी तोलणारा छळकांचा तराजू आपणच हातीं घेतल्यासारखें होईल. आजोबांचें ऋण फेडूं पाहणाऱ्या नातवंडांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा.