माहितीभरणाचा वेग आणि विश्वासार्हता : पोस्टग्रेसच्या मार्गदर्शनाचे चिकित्सक परीक्षण

प्रास्ताविक :
प्रवेश, शुल्क व गुण यांच्या हजारो नोंदी महाविद्यालयांना डेटाबेसमध्ये एकगठ्ठा भराव्या लागतात. हे काम मंदावले की पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतील माहितीभरणविषयक प्रकरण मार्गदर्शक ठरते. प्रस्तुत लेखात त्याची बलस्थाने व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

बलस्थाने :
सर्व नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्याव्यात, सुट्या इन्सर्टऐवजी कॉपी ही आज्ञा वापरावी, इंडेक्स नंतर तयार करावेत व शेवटी अ‍ॅनलाइझ चालवावे, हे तेथील प्रमुख नियम शास्त्रशुद्ध आहेत. एरवी प्रत्येक कमिटच्या वेळी लॉग डिस्कवर उतरेपर्यंत थांबावे लागते. फॉरेन की काढल्यास त्रुटींची तपासणी थांबते, हा इशाराही पुस्तिका प्रामाणिकपणे देते.

मर्यादा :
तथापि, या प्रकरणाचा भर नव्या नोंदी भरण्यावर आहे. दैनंदिन कामातील खरा प्रश्न जुन्या नोंदी अद्ययावत करण्याचा असतो. पोस्टग्रेसमध्ये अपडेट केल्यावर नोंदीची नवी आवृत्ती निर्माण होते आणि जुनी आवृत्ती साफसफाई होईपर्यंत जागा अडवते. मूल्य तेच असले तरी हा खर्च टळत नाही. २००८ मधील ८.३ आवृत्तीच्या ‘हॉट’ तंत्राने इंडेक्सवरील भार हलका झाला. मात्र इंडेक्स असलेला स्तंभ बदललेला नसावा आणि त्याच पानात जागा शिल्लक असावी, या त्याच्या अटी आहेत.

पर्याय :
म्हणून आलेली माहिती प्रथम तात्पुरत्या टेबलात घ्यावी, तेथेच तपासावी आणि मूळ टेबलाशी तुलना करून केवळ नव्या व बदललेल्या नोंदी एकाच आज्ञेने पुढे न्याव्यात. २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आणि २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून ‘मर्ज’ यांमुळे हे सुकर झाले आहे. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत कॉपी करताना चुकीच्या प्रकारची मूल्ये असलेल्या ओळी वगळण्याची सोय आली. ती उपयुक्त आहे. परंतु वगळलेली ओळ एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणांची असू शकते, याचे भान सुटता कामा नये.

समारोप :
वेगाचे नियम शिकवताना ‘किती नोंदी भरल्या?’ या प्रश्नासोबत ‘किती नोंदी खरोखर बदलल्या आणि किती गळाल्या?’ हे प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. जलद भरलेली पण अविश्वसनीय माहिती पुन्हा तपासण्यातच वाचवलेला वेळ खर्ची पडतो.