लिहिणारे आहेत, नेणारे कुठे?

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पद्मपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे गाव, असे संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही त्याच कवीचे नाव आहे. समकालीनांनी भवभूतीची उपेक्षा केली, तेव्हा आज ना उद्या आपल्या तोलाचा रसिक भेटेलच या भरवशावर त्याने आपले नाटक काळाच्या हवाली करून टाकले. आठव्या शतकातल्या कवीला हा बाणेदारपणा शोभून दिसतो. पण गोंदिया जिल्ह्यातल्या आजच्या लेखकाकडेही पुस्तक पुढे नेण्याची याहून भक्कम व्यवस्था नाही, हे मात्र मराठी साहित्यव्यवहाराला शोभणारे नाही.

लेखक आणि प्रकाशक यांच्या मधोमध उभा राहणारा साहित्य-एजंट इंग्रजीत शंभराहून अधिक वर्षे आहे. लंडनच्या ए. पी. वॅट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या धंद्याला आकार दिला आणि दहा टक्के दलाली रूढ केली. आज ती सर्वसाधारणपणे पंधरा टक्के आहे, परदेशी हक्कांवर वीस. या मोबदल्यात एजंट हस्तलिखित वाचतो, लेखकाला दुरुस्त्या सुचवतो आणि कुठल्या संपादकाला ते भावेल याचा अंदाज बांधतो. करार वाचतो. मुख्य म्हणजे अनुवादाचा, ध्वनिपुस्तकाचा, चित्रपटाचा असा एकेक हक्क वेगळा ठेवून वेगळा विकतो. लेखकाला पैसे मिळाले तरच त्याला मिळतात, त्यामुळे आधी फी मागणारा माणूस एजंट नव्हेच. एजंटांच्या संस्थांकडून सतत बातम्या येत असतात : अमुक कादंबरीचे हक्क इतक्या भाषांत गेले, तमुक कथासंग्रहासाठी तीन प्रकाशकांत चढाओढ लागली.

आपल्याकडची साहित्याची बातमी तीन प्रकारची असते : प्रकाशन समारंभ, पुरस्कार आणि संमेलन. पुस्तकाचे हक्क विकले गेले ही बातमी मराठी वर्तमानपत्रात जवळजवळ दिसतच नाही. पुस्तक हाती आल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न आपण फारसा विचारलेलाच नाही.

वास्तविक गोंदिया जिल्ह्याने मराठीला दिलेला ऐवज लहान नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. त्याच्या जंगलावर मराठीतले निसर्गलेखन बरेचसे पोसले आहे. वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली नवेगावबांधच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षे राहिले. कोलू पाटलाने अठराव्या शतकात बांधल्याचे सांगितले जाणारे हे तळे, तिथले पक्षी, कोहळी, गोंड आणि ढिवर माणसांच्या तोंडचे शब्द, माधवराव पाटलांसारखा तिथलाच जाणकार सोबती, हे सगळे त्यांच्या पुस्तकांत उतरले. 'नवेगावबांधचे दिवस' तर नावापासूनच इथले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम ठोकून 'नागझिरा' लिहिले. किरण पुरंदरे त्याच जंगलात दीर्घकाळ राहिले आणि 'सखा नागझिरा' घेऊन बाहेर आले.

हे तिघेही बाहेरून आलेले. सोलापूर, माणदेश आणि पुणे ही त्यांची मुळे. माडगूळकर नागझिऱ्यात आले तेव्हा त्यांच्या नावाला पुण्या-मुंबईत वजन होते, छापणारे होते, वाट पाहणारा वाचक होता. चितमपल्लींच्या पुस्तकांना नागपूरच्या साहित्य प्रसार केंद्राचा आधार मिळाला. 2006 साली ते सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. इतका मान मिळालेल्या लेखकाला मराठीबाहेर किती वाचक ओळखतात? जगभर निसर्गलेखनाचे वाचक वाढत असताना नवेगावचा तलाव त्यांच्यापर्यंत पोचला नाही. यात चितमपल्लींच्या लेखणीचा दोष नाही. ती पुस्तके उचलून योग्य संपादकाच्या टेबलावर ठेवणे हे कुणाचेच काम नव्हते.

जे इथल्याच मातीतले आहेत, त्यांची गोष्ट आणखी अवघड. शेजारच्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचा अभ्यास उभा केला आणि बोलीच्या संमेलनांची परंपरा रुजवली. आमगाव तालुक्यातल्या बोरकन्हारचे कवी लखनसिंह कटरे यांच्यासारखे लेखक मराठीबरोबर बोलीचाही धागा सांभाळतात. तिरोडा, गोरेगाव, आमगाव पट्ट्यात पोवारी लिहिली जाते. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, आणि मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकाचे गोंडी धर्म-संस्कृतीवरचे लेखन, मोठ्या प्रकाशनाचे पाठबळ नसतानाही, अशा समाजमेळ्यांच्या आधारानेच लोकांपर्यंत पोचले. म्हणजे वाचक आहे. तो ग्रंथदालनात येत नाही, यात्रेत येतो.

या पट्ट्यातले पुस्तक निघते कसे, तेही पाहू. लेखक पदरचे पैसे घालतो किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाला अर्ज करतो. काही शे प्रती निघतात. तालुक्याच्या सभागृहात प्रकाशन होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, उपस्थितांना भेटप्रती. उरलेल्या प्रती ग्रंथालयांच्या खरेदीत शिरल्या तर शिरल्या. प्रकाशक या व्यवहारात बहुतेकदा छपाई करून देणारा असतो. पुस्तक विकण्याची जोखीम त्याने घेतलेलीच नसते, कारण खर्च आधीच वसूल झालेला असतो. पुस्तकावर कुणाचाच पैसा अडकलेला नसेल, तर ते खपावे म्हणून कुणी कशाला धावेल?

ज्यांना करार मिळतो, त्यांचीही स्थिती पाहावी. मराठीतल्या अनेक करारांत एक वाक्य असते, ज्यात सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क प्रकाशकाकडे जातात. पहिल्या पुस्तकाच्या आनंदात लेखक त्याखाली सही करतो. 2017 साली स्टोरीटेल भारतात आले, मराठी ध्वनिपुस्तकांना बाजार मिळाला आणि अशा एका वाक्याची किंमत अचानक वाढली. वास्तविक कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत, ही भर 2012 च्या दुरुस्तीने घातली. देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या लेखकाला हे सांगणार कोण? एजंटाचे निम्मे काम हेच असते.

गंमत म्हणजे याच पट्ट्यात मध्यस्थावर चालणारी एक कला भरभराटीला आलेली आहे. गोंदियाहून बल्लारशाच्या लोहमार्गाने निघाले की अर्जुनी मोरगाव मागे पडते आणि वडसा येते. वडसा-देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. इथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचा हंगाम सुरू होतो. गावोगावची मंडळे वडशाला येतात, नाटक ठरवतात, कलावंत कोण ते विचारतात, विसार देतात, तारीख पक्की करतात. कंपनी रंगमंच, पडदे, दिवे, ध्वनी आणि नटसंच घेऊन येते. गावातले मंडळ मंडप घालते आणि तिकिटे विकते. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटे संपते. अनुदानाचा फारसा टेकू नसताना हा व्यवहार चार जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्यामागे हजारो प्रयोगांची पुण्याई आहे आणि त्या प्रयोगांमागे तारखा लावणारी ही यंत्रणा आहे.

वडशाचा कंपनीवाला नाटकावर आपला पैसा लावतो, म्हणून ते विकण्यासाठी जिवाचे रान करतो. मध्यस्थ कलेला मारतो, या आपल्या लाडक्या समजुतीला झाडीपट्टी रोज रात्री खोटे पाडते.

पण याच रंगभूमीत मध्यस्थाची दुसरी बाजूही दिसते. तारीख विकायची म्हटले की भडक शीर्षक येते, मुंबई-पुण्याचा चेहरा पाहुणा म्हणून येतो, मधेच नाचगाणे येते. जे गेल्या हंगामात चालले, त्याचीच मागणी पुढच्या हंगामात होते. आणि सगळ्यात मागे राहतो तो लेखक. त्याची संहिता प्रयोगापुरती असते, पुस्तक म्हणून ती क्वचितच छापली जाते. कंपनी नाटक विकते, लेखकाचे हक्क सांभाळणे हे तिचे काम नाही. वडशाने मागणी शोधण्याचे तंत्र दिले, पण लेखकाच्या बाजूने बोलणारा माणूस त्यानेही घडवला नाही. साहित्य-एजंट हवा असे म्हणताना हा फरक विसरून चालणार नाही. इंग्रजी जगातही एजंटमुळे एकाच साच्याच्या कादंबऱ्यांची रांग लागते, ही तक्रार जुनी आहे. तरी तिथे लेखकाच्या सहीखाली दुसऱ्या कुणाचे तरी डोळे फिरलेले असतात.

मग मराठीतून बाहेर गेलेली पुस्तके गेली कशी? बहुतेक वेळा अनुवादकाच्या ध्यासामुळे. दया पवारांचे 'बलुतं' 1978 चे. ते जेरी पिंटो यांच्या इंग्रजीत 2015 साली आले, म्हणजे सदतीस वर्षे लागली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 ची. पिंटो यांनी ती 2013 साली इंग्रजीत नेली, पुढे अमेरिकेत निघाली, 2022 साली तिचा चित्रपट झाला. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' आणि बेबी कांबळेंचे 'जिणं आमुचं' माया पंडितांनी बाहेर नेले. शांता गोखल्यांनी लक्ष्मीबाई टिळकांना पुन्हा इंग्रजी वाचकासमोर उभे केले. ही माणसे पुस्तक शोधतात, अनुवाद करतात, प्रकाशकाला पटवतात. मराठीच्या अनुवादकांनी एजंटाचेही काम अंगावर घेतले आहे. पण ही माणसे मोजकी आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी पुस्तक आधी मुंबई-पुण्यात गाजलेले असावे लागते. झाडीबोलीतल्या कथासंग्रहाची तिथेच अडचण होते.

उलट दिशेची वाहतूक मात्र जोरात आहे. मेहता पब्लिशिंग हाऊससारख्या संस्थांनी परदेशी पुस्तकांचे मराठी हक्क रीतसर विकत घेऊन अनुवादांची मोठी बाजारपेठ घडवली. अशा हक्कांसाठी परदेशी एजंटांशी व्यवहार करावा लागतो. म्हणजे एजंट कसा काम करतो, हे मराठी प्रकाशकाला पक्के ठाऊक आहे. आपण ते ज्ञान फक्त गिऱ्हाईक म्हणून वापरले.

शेजारच्या भाषा पुढे गेल्या. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' आधी फ्रेंचमध्ये गेली, मग डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाने 2022 चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळवला. 2025 साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना दीपा भास्ती यांच्या अनुवादासह तोच मान मिळाला. पन्नास हजार पौंडांचे हे बक्षीस लेखक आणि अनुवादकात समान वाटले जाते. मुंबईवरच्या कथांनी 2018 चा डीएससी पुरस्कार जिंकला, तोही जयंत कायकिणींच्या कन्नडमधून. मुंबई आपली आणि तिच्यावरचे गाजलेले पुस्तक कन्नड, ही गोष्ट मराठीने मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

तमिळनाडूने 2023 पासून चेन्नईत हक्कांच्या देवघेवीचा आंतरराष्ट्रीय मेळावा सुरू केला, परदेशी प्रकाशकांना अनुवादासाठी अनुदान देऊ केले आणि तमिळ पुस्तके मांडू शकतील असे एजंट तयार करण्याकडेही लक्ष दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात पुस्तक महोत्सव सुरू झाला. त्याला झालेली गर्दी आनंदाची आहे. पण तिथे पुस्तक विकले जाते, पुस्तकाचे हक्क विकले जात नाहीत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आता योजनांना तोटा नसावा. त्यातली एखादी संमेलनाच्या मांडवाबाहेरही जावी.

काय करता येईल, हे फार अवघड नाही. विदर्भातल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांतून दरवर्षी वाचनाचा सराव असलेली मुले बाहेर पडतात. त्यातल्या दोघाचौघांना करार वाचायला, पुस्तकाचा दोन पानी इंग्रजी-हिंदी परिचय लिहायला, नमुन्याची वीस पाने अनुवादित करून घ्यायला शिकवले, तर काम सुरू होते. चितमपल्लींची निसर्गपुस्तके, झाडीबोलीतल्या निवडक कथा, निवडक झाडीपट्टी संहिता आणि कचारगडभोवतीचे गोंडी लेखन एवढी चार गठ्ठ्यांची यादी घेऊन कुणी चेन्नईच्या मेळाव्यात बसला, तरी गोंदियाचे नाव पहिल्यांदाच हक्कांच्या बाजारात घेतले जाईल. त्यातले एखादे पुस्तक लगेच खपेलच असे नाही. नकार येतील, पण नकार मिळण्यासाठीही पुस्तक कुणासमोर तरी ठेवावे लागते. गुणवत्तेला आपोआप वाट सापडते हे सांगणे सोपे आहे, पण ते सांगणाऱ्यांची स्वतःची पुस्तके बहुधा कुणीतरी नेऊन पोचवलेली असतात.