दारिद्र्यरेषा, अनुशेष आणि कर : प्रा. वि. म. दांडेकर यांच्या धोरणविश्लेषणाचे वऱ्हाडच्या संदर्भात पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील धोरणविश्लेषणाच्या परंपरेत प्रा. वि. म. दांडेकर (१९२०-१९९५) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून त्यांनी संख्याशास्त्राला सामाजिक प्रश्नांच्या दारी आणून उभे केले. त्यांची दोन कामे विशेष महत्त्वाची होत. पहिले, प्रा. नीळकंठ रथ यांच्यासमवेत १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास. दुसरे, त्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक असमतोलविषयक सत्यशोधन समितीचा १९८४ चा अहवाल. पहिले काम अर्थशास्त्राच्या वर्गात शिकविले जाते, तर दुसरे विदर्भाच्या राजकीय व्यासपीठांवरून उद्धृत केले जाते. ही दोन्ही कामे एकत्र ठेवून वाचण्याचा प्रयत्न मात्र क्वचितच होतो. असे वाचन केल्यास दोहोंमधील एक महत्त्वाची फारकत लक्षात येते. ती अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दारिद्र्य आणि कर : १९७१ ची मांडणी

दांडेकर-रथ यांनी दरडोई दररोज २२५० उष्मांक देणारा आहार हा किमान निकष मानला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा १५ रुपये व शहरी भागासाठी २२.५० रुपये इतका दरडोई खर्च त्यांनी निश्चित केला. या निकषाने ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक किमान पातळीखाली होते. उष्मांकांच्या या निकषावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु या अभ्यासाचे खरे वेगळेपण मोजणीत नसून त्यापुढील पायरीत आहे. गरिबांचा खर्च किमान पातळीवर आणण्यासाठी लागणारी रक्कम कोणाकडून घ्यावयाची, या प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही. सर्वांत श्रीमंत ५ टक्के लोकांच्या खर्चात १५ टक्के आणि त्यांच्या खालील ५ टक्के लोकांच्या खर्चात साडेसात टक्के कपात होईल अशी करआकारणी करावी आणि त्या पैशातून ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. जमिनीच्या फेरवाटपाने ग्रामीण दारिद्र्याचा प्रश्न सुटणार नाही, रोजगार द्यावा लागेल, ही त्यामागील भूमिका होती. दारिद्र्याचे मोजमाप, उपाय आणि त्या उपायाची किंमत मोजणारा वर्ग या तिन्ही गोष्टी एकाच युक्तिवादात गुंफलेल्या असणे हे या ग्रंथाचे बलस्थान होय.

रोजगार हमी आणि व्यवसाय कर

या विचाराला समांतर असा प्रयोग महाराष्ट्रातच घडला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून रोजगार हमीची कल्पना आकारास आली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तत्पूर्वी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लागू केला होता. या कराचे उत्पन्न रोजगार हमी निधीकडे वळविण्यात आले आणि तेवढीच रक्कम शासनाने घालावी अशी तरतूद झाली. पगारदाराच्या वेतनातून कापलेला पैसा मजुराच्या हाती जावा, अशी ही सरळ रचना होती. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या वेतनचिठ्ठीवरील दोनशे रुपयांच्या कपातीचा उगम येथे आहे. याची जाणीव आपल्या वर्गात फारशी आढळत नाही.

तथापि दांडेकर-रथ यांच्या तत्त्वाच्या तुलनेत ही अंमलबजावणी तोकडी ठरते. ज्याचा खर्च अधिक त्याने अधिक सोसावे, हे त्यांचे सूत्र होते. घटनेच्या कलम २७६ नुसार मात्र या कराची वार्षिक कमाल मर्यादा प्रथम २५० रुपये होती व १९८८ पासून ती २५०० रुपये आहे. परिणामी, नुकताच नोकरीस लागलेला लिपिक आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापक यांच्यावरील कराचा बोजा रुपयांत समान, तर वेतनाच्या प्रमाणात उलटा राहतो. श्रीमंतांवरील कराची कल्पना प्रत्यक्षात मध्यमवर्गीयांवरील सपाट वर्गणी झाली. दुसरीकडे, विक्रीकर, २००५ पासून मूल्यवर्धित कर आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे स्रोत राहिले. साबण वा चप्पल विकत घेणारा मजूरही हे कर भरतो. गरिबांसाठी खर्च होणाऱ्या पैशातील एक भाग गरिबांकडूनच येतो, ही बाब दारिद्र्याच्या चर्चेत सहसा मांडली जात नाही.

१९८४ चा अहवाल : एककाचा बदल

१९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीखाली असलेल्या जिल्ह्यांचा तुटवडा मोजून सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढण्यात आला. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार यांत व्यक्त झालेल्या वऱ्हाडच्या आकांक्षांना या अहवालाने प्रथमच आकड्यांचा आधार दिला. नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन होते. समितीने त्याऐवजी प्रत्यक्ष सुविधांची तुलना केली. हे पाऊल निश्चितच शास्त्रशुद्ध होते.

परंतु येथे विश्लेषणाचे एकक बदलले. १९७१ मध्ये एकक माणूस होता, १९८४ मध्ये ते जिल्हा झाले. सरासरीला माणूस दिसत नाही, हे वऱ्हाडात सहज पडताळता येते. अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा आहे आणि मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू पाडेही आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली तरी तिचे पाणी पिकाला मानवत नाही. वाशीम तर १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होते. इतक्या भिन्न भूभागांची एकच सरासरी काढली असता संत्रापट्ट्याच्या समृद्धीने मेळघाटाचा तुटवडा झाकला जाण्याचा संभव राहतो. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेचा लाभही मुख्यतः जमीन व पाण्याची सोय असलेल्यांनाच घेता येण्याजोगा होता.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर वाटते. अनुशेषाच्या हिशेबात कराचा प्रश्न उरत नाही. पैसा कोणत्या प्रदेशाला मिळावा हे ठरते; तो कोणत्या वर्गाकडून यावा व प्रदेशांतर्गत कोणत्या वर्गापर्यंत पोहोचावा, हे ठरत नाही. समितीची कार्यकक्षाच तशी होती, असा बचाव करता येईल व तो रास्तही आहे. मात्र त्यानंतरच्या चार दशकांत विदर्भातील चर्चेने तीच कार्यकक्षा स्वतःची मर्यादा म्हणून स्वीकारली, याचा दोष समितीवर टाकता येणार नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हाही वाद प्रामुख्याने निधीच्या प्रादेशिक वाटपाभोवतीच फिरला.

रेषेवरचा शेतकरी

उष्मांकांच्या रेषेलाही वऱ्हाडने एक आव्हान दिले आहे. कोरडवाहू कापूस पिकविणारा शेतकरी एखाद्या वर्षी रेषेच्या वर असतो. पाऊस फिरला, भाव पडला की तो सावकाराच्या दारी जातो. त्याचे दारिद्र्य खर्चाच्या एका वर्षाच्या आकड्यात न दिसता कर्जाच्या साखळीत दिसते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा जिल्हे होते, त्यांत अमरावती आणि अकोला होते. आत्महत्या करणारा प्रत्येक शेतकरी दारिद्र्यरेषेखालील यादीत असेलच असे नाही. अनिश्चितता मोजण्याचे साधन दांडेकर-रथ यांच्या चौकटीत नव्हते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

समारोप

सारांश, १९८४ च्या दांडेकरांना १९७१ च्या दांडेकरांची जोड देणे ही आजची गरज आहे. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात बहुतांश राज्यांवर ४० टक्के वाटा टाकण्यात आला आहे. म्हणजेच मजुराच्या कामासाठी राज्याने कोणता कर, कोणाकडून घ्यावा, हा पन्नास वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. अनुशेषाची मागणी करताना वऱ्हाडातील अभ्यासकांनी तालुका, किंबहुना गावसमूह हे एकक धरावे. मेळघाट व खारपाणपट्टा यांचे हिशेब स्वतंत्र मांडावेत. त्यासोबत व्यवसाय कराच्या सपाट रचनेचीही चिकित्सा करावी. अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील अर्थशास्त्र विभागांना हे काम अशक्य नाही. कलम २७६ मधील मर्यादा वाढवून चढत्या दराने व्यवसाय कर घ्यावा, अशी शिफारस या चिकित्सेतून पुढे आल्यास तिचा पहिला भार आपल्याच वेतनावर पडेल, हे मात्र प्राध्यापकवर्गाने ध्यानात ठेवून तिच्याकडे पाहावे.