मेणवली : दप्तर, वाडा आणि नदीकांठ

वाईनजीक कृष्णेच्या कांठीं मेणवली येथें नाना फडणिसांचा वाडा आहे, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. या स्थळासंबंधीं जें लेखन झालें त्याचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. संशोधकांनीं तेथील दप्तर वाचलें. प्रवाशांनीं चौक, भित्तिचित्रें व घंटा पाहून लेख लिहिले. वाडा, देवालयें, घाट व नदी हीं मिळून एकच योजना आहे, या दृष्टीनें परीक्षण मात्र क्वचितच झालें. आणि आमच्या मतें ही उणीव किरकोळ नव्हे.

दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं मेणवली दप्तर उजेडांत आणिलें, या उपकाराचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, मेणवली म्हणजे कागदांची कोठी, अशी समजूत रूढ झाली. पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला, तरी ती हलली नाहीं.

आतां स्थळ पाहावें. वाड्यांतून निघून घाटावर उतरतां येतें. घाटावर मेणेश्वर व विष्णु यांचीं देवळें आहेत; तेथून दगडी पायऱ्या थेट पाण्यांत जातात. पावसाळ्यांत कृष्णा चढो कीं उन्हाळ्यांत उतरो, स्नानास, संध्येस व घागर भरण्यास कोणती तरी पायरी पाण्याशीं असावी, हा या बांधणीचा हेतु उघड आहे. त्याच शतकांत इंग्लंडांत लॅन्सलॉट ब्राउन हा ब्लेनहाइमच्या प्रासादासमोर ग्लाइम नदी अडवून सरोवर करीत होता. व्हॅनब्रूनें बांधलेल्या पुलाचा खालचा भाग त्या पाण्यांत बुडाला. तेथें पाणी पाहावयाचें, व कामाच्या गोष्टी दृष्टिआड करावयाच्या. मेणवलीस धुणें, स्नान व पूजा हेंच दृश्य आहे. म्हणून विलायती उद्यानाचें माप घेऊन येणारास येथें उद्यानच दिसणार नाहीं. दोष मापाचा आहे. याच नदीवर खालीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांनीं गणपतीचें देऊळ बांधिलें, पण त्याभोवतीं शहर वाढलें. मेणवली हें खेडेंच राहिलें, म्हणून मूळ योजना अद्याप वाचतां येते.

घंटेविषयींची कथा इतकी सैल आहे कीं तिचा समाचार घेणें प्राप्त आहे. घंटेवर १७०७ हें वर्ष व बालयेशूसह मेरीची आकृति आहे. ती वसईच्या विजयांत मिळाली असें सांगतात. वसई चिमाजी अप्पांनीं १७३९ मध्यें घेतली. नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे लूट वसईहून सरळ नानांच्या घाटावर आली, हें शक्य नाहीं. मधल्या काळांत घंटा कोठें होती, हा प्रश्न न विचारतांच प्रत्येक वर्णनकार कथा पुढें ढकलतो. मेणवली म्हणजे नानांचें निवांत विश्रांतिस्थान, ही दुसरी समजूतहि तितकीच ढिली. १७९६ मध्यें नाना वाईस आले ते राजकारणाचा पाठलाग मागें घेऊनच.

वरच्या अंगास धोम येथें धरण झाल्यापासून घाटापुढील पाणी ऋतूबरोबर धरणाच्याहि हिशेबानें चालतें. तेव्हां जतनाची हद्द वाड्याच्या कोटापाशीं संपवूं नये. वाडा, देवळें, घाट व समोरचा कांठ एकाच नकाशावर घेऊन पायरीपायरीची मोजणी व्हावी, आणि पाण्याची पातळी निदान वर्षभर नोंदली जावी.