आनापानाच्या पायऱ्या : थांबविणे आणि थांबणे

श्वासावर चित्त स्थिर करण्याची साधना आपल्या देशात फार प्राचीन आहे आणि तिच्या हेतूविषयीचा मतभेदही तितकाच प्राचीन आहे. आज हा मतभेद जवळजवळ पुसला गेला आहे. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला भरणाऱ्या योगदिनाच्या मैदानावर, शाळेच्या वर्गात आणि विहारातील सायंकाळच्या बैठकीत प्राणायाम, ध्यान व आनापान हे शब्द एकाच अर्थाने उच्चारले जातात. चार दिवस बसल्यावर साधक विचारू लागतो, ‘मी कितव्या पायरीवर पोहोचलो?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी, ज्या ग्रंथांनी या पायऱ्या सांगितल्या त्यांच्या दृष्टीने पायरी म्हणजे काय, हे तपासले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

फैजपूरचे नाव महाराष्ट्राला मुख्यतः डिसेंबर १९३६ मध्ये येथे भरलेल्या, ग्रामीण भागातील पहिल्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक आहे. श्वाससाधनेचा विचार करताना मात्र या परिसराची दुसरी एक आठवण अधिक उपयोगी पडते. येथून फार दूर नाही, अशा तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे, आणि योगी चांगदेवाची आख्यायिका खानदेशात घरोघर माहीत आहे. प्राण रोखून त्याने चौदाशे वर्षे काळाला चुकविले, असे लोक सांगतात. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना, ते वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे न सुचल्याने त्याने कोराच कागद पाठविला. इतके तप करूनही हा कोराच राहिला, असा अभिप्राय मुक्ताईने दिला. इतिहास म्हणून ही कथा कोणी घेऊ नये. परंतु लोकमानसाने तिच्यात एक कसोटी जपून ठेवली आहे : श्वासावर सत्ता मिळविणे ही एक गोष्ट आणि प्रज्ञा प्राप्त होणे ही दुसरी. हीच कसोटी घेऊन आपण ग्रंथांकडे वळू.

प्रथम पतंजलींचा विचार करू. योगसूत्राच्या दुसऱ्या पादात, आसन सिद्ध झाल्यावर श्वास-प्रश्वासाच्या गतीचा विच्छेद म्हणजे प्राणायाम, अशी व्याख्या येते. बाह्य, आभ्यंतर आणि स्तंभ असे त्याचे प्रकार असून देश, काल व संख्या यांनी तो पारखावयाचा असतो. येथे पायरी मोजता येते. किती अंतरापर्यंत, किती वेळ, किती मात्रा, हे सांगता येते. तरीही पतंजलींवर केवळ श्वास कोंडण्याचा आरोप करणे अन्यायाचे होईल. प्राणायामापूर्वी त्यांनी यम-नियम ठेवले आहेत, आणि प्राणायामाचे फळ म्हणून प्रकाशावरील आवरण क्षीण होणे व मन धारणेस योग्य होणे एवढेच सांगितले आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनाही त्यांच्या पहिल्या पादात आहेत. बौद्ध वाचकाला त्या ब्रह्मविहार म्हणून परिचित आहेत. दोष आहे तो शिकविणाऱ्यांचा. त्यांनी यम-नियम मागे टाकले, धारणा पुढे ढकलली आणि मधला मोजता येण्याजोगा भाग तेवढा घड्याळ लावून उचलला.

तथागतांनी हा मार्ग स्वतः करून पाहिला होता. मज्झिमनिकायातील महासच्चकसुत्तात बोधिसत्त्वाच्या अप्राणक ध्यानाचे वर्णन आहे. तोंड, नाक आणि कान यांतून होणारे श्वसन त्यांनी रोखले, तेव्हा मस्तकात प्रचंड वारे उसळले, असह्य वेदना झाल्या, निखाऱ्यांच्या खड्ड्यावर धरावे तसा देहाचा दाह झाला. या प्रसंगी वीर्य खचले नव्हते, स्मृतीही ढळली नव्हती. मात्र देह क्षुब्ध होता, शांत नव्हता, असे सुत्त सांगते. समीक्षेच्या दृष्टीने हे निदान महत्त्वाचे आहे. प्रयत्न कमी पडला म्हणून ती साधना सोडलेली नाही. प्रयत्न पुरेपूर असूनही तीत प्रश्रब्धी, म्हणजे शांतता, नव्हती म्हणून सोडली. बालपणी जंबुवृक्षाच्या छायेत सहज लाभलेल्या ध्यानाची आठवण त्यांना त्यानंतरच झाली.

या पार्श्वभूमीवर आनापानसतिसुत्त वाचावे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, कौमुदी पौर्णिमेच्या रात्री दिलेल्या या उपदेशात सोळा पायऱ्या असून त्या चार-चारांच्या चार गटांत आहेत : काया, वेदना, चित्त आणि धर्म. पहिल्या दोन पायऱ्यांचे क्रियापद आहे ‘पजानाति’, म्हणजे जाणतो. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, एवढेच जाणावयाचे. तो दीर्घ करावयाचा नाही. तिसऱ्या पायरीपासून क्रियापद बदलते व ‘सिक्खति’, म्हणजे शिकतो, असे होते. सर्व कायेचे संवेदन, कायसंस्काराचे शमन, प्रीती, सुख, चित्तसंस्काराचे ज्ञान व शमन, चित्ताचे ज्ञान, चित्त प्रमुदित करणे, समाहित करणे, मुक्त करणे, आणि शेवटी अनित्यता, विराग, निरोध व प्रतिनिसर्ग यांचे अनुदर्शन. आधी जाणणे, मग शिकणे, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. जे आहे ते जाणल्याविना त्यात बदल करू पाहणाऱ्याला या सुत्तात पहिली पायरीही लाभत नाही. आणि सोळावी पायरी कोणती? प्रतिनिसर्ग, म्हणजे सोडून देणे. ज्या जिन्याची शेवटची पायरी सोडून देण्याची आहे, त्यावर आपण किती चढलो याचा हिशेब ठेवणे विसंगत आहे.

येथे मराठीतील एक साधा भेद उपयोगी पडतो. श्वास ‘थांबविणे’ वेगळे आणि श्वास ‘थांबणे’ वेगळे. चतुर्थ ध्यानात आश्वास-प्रश्वास निरुद्ध होतात, असे संयुत्तनिकायही सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला अप्राणक ध्यान आणि हे ध्यान सारखेच दिसेल. परंतु पहिल्यात श्वास रोखलेला आहे, दुसऱ्यात तो शांत होत होत स्वतः निवलेला आहे. पहिले कर्तृत्व आहे, दुसरे फलित आहे. सर्व मतभेदाचे मूळ या एका प्रेरणार्थक प्रत्ययात आहे.

सुत्तात पायऱ्या आहेत, पण त्यांवर पाऊल कसे ठेवावे याचा तपशील थोडा आहे. तो पाचव्या शतकात अनुराधपुराच्या महाविहारात बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्गा’त दिला. धर्मानंद कोसंबी यांनी १९४० मध्ये या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यामुळे मराठी अभ्यासकाला तो मुळातून वाचता येतो. आचार्यांनी आठ टप्पे सांगितले आहेत : गणना, अनुबंधना, स्पर्श, स्थापना, सल्लक्षणा, विवर्तना, परिशुद्धी आणि त्यांचे प्रत्यवेक्षण. यांतील पहिले चार ध्यानाचे, पुढचे तीन विपश्यना, मार्ग व फल यांचे, आणि शेवटचा मागे वळून पाहण्याचा.

त्यांचे दृष्टांत खानदेशातील वाचकाला परके वाटू नयेत. आरंभी गणना सावकाश करावी, मापाऱ्याप्रमाणे. तो माप भरतो, ‘एक’ म्हणून ओततो, आणि पुन्हा भरताना त्यातील कचरा वेचीत ‘एक, एक’ असेच म्हणत राहतो. श्वास स्पष्ट झाले की गणना भराभर करावी, गुराख्याप्रमाणे. तो पहाटे गोठ्याच्या दाराशी बसतो आणि दाटीवाटीने बाहेर पडणाऱ्या गायींपैकी दाराशी आलेली तेवढीच मोजून खडा टाकतो. गणना पाचांच्या आत थांबवू नये, नाहीतर अरुंद गोठ्यातील जनावरांप्रमाणे चित्त तडफडते. दहांच्या पुढे नेऊ नये, नाहीतर चित्त श्वासाऐवजी संख्येलाच धरून बसते. शेवटची सूचना आज प्रत्येक शिबिराच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. गणना कोठवर? गणनेशिवाय स्मृती श्वासावर टिकेपर्यंत. त्यानंतर ती सोडावयाची. पुढे श्वासाचा आत-बाहेर पाठलागही सोडावयाचा आणि करवत चालविणाऱ्याप्रमाणे दाते लाकडाला जेथे भिडतात तेवढ्याच जागी लक्ष ठेवावयाचे. प्रत्येक टप्प्याची सिद्धी म्हणजे मागील साधन हातातून खाली ठेवणे होय.

याहून मार्मिक आहे तो हरवलेल्या श्वासाचा प्रसंग. काशाच्या घंटेवर टोला दिल्यावर नाद जसा सूक्ष्म होत जातो, तसा श्वास सूक्ष्म होतो आणि साधकाला तो नाहीसाच वाटतो. हठाने शिकलेला साधक येथे सिद्धी मिळाली म्हणून हर्षित होतो, नवशिका घाबरून उठतो. आचार्य दोघांनाही बसवितात. नांगरणी करून बैल मोकळे सोडलेला शेतकरी रानोमाळ त्यांचा माग काढीत नाही. कासरा आणि पराणी घेऊन पाणवठ्यावर जाऊन बसतो. बैल पाण्यावर येतातच. तद्वत श्वास जेथे स्पर्शतो तेथे स्मृती ठेवून थांबावे.

तथापि ‘विसुद्धिमग्ग’ही टीकेच्या पलीकडे नाही. निमित्ताचे त्याचे वर्णन विस्तृत आहे. कोणाला तारा, कोणाला मोत्यांचा पुंजका, कोणाला कापसाचा स्पर्श, कोणाला धुराची शिखा असे ते भासते, असे तो सांगतो. संज्ञा भिन्न म्हणून निमित्त भिन्न, ही समजूतही त्याने लगेच दिली आहे. परंतु वाचकाच्या लक्षात तारा राहतो, समजूत राहत नाही. सुत्तात हे निमित्त नाही. त्याचप्रमाणे ‘सब्बकाय’ या पदाचा अर्थ आचार्य श्वासाचा आदि-मध्य-अंत असा करतात, तर काही आधुनिक आचार्य संपूर्ण देह असा करतात. या मतभेदाचा निर्णय घाईने करण्याची गरज नाही. मात्र शिकविणाऱ्याने आपण कोणता अर्थ घेतला आहे हे शिष्याला सांगितले पाहिजे.

आधुनिक काळात महाराष्ट्रात आनापान पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांच्याकडे जाते. १९६९ मध्ये ते ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान असते. श्वास स्वाभाविक ठेवावयाचा, त्याला शब्द, मंत्र वा गणना यांची जोड द्यावयाची नाही. आरंभी पंचशीलाचे ग्रहण असते, ही या पद्धतीची जमेची बाजू होय. गणना वगळल्याने चित्त संख्येत अडकण्याचा धोका टळतो. परंतु चंचल चित्ताच्या साधकाचा पहिला आधारही जातो. पुढे ‘मित्र उपक्रम’ या नावाने राज्यातील शाळांतही आनापान आले. मुलांना काही मिनिटे शांत बसता यावे, हे इष्टच आहे. परंतु एकाग्रता वाढते, गुण वाढतात, एवढ्याच कारणासाठी ते शिकविले गेले, तर सोळांपैकी दोन पायऱ्यांवर जिना संपतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शांत झालेल्या चित्ताचे करावयाचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात समाधी आणि सम्यक् समाधी यांत भेद केला आहे. नुसती समाधी चित्त एकाग्र करते, विकार तात्पुरते दूर ठेवते. ती अभावात्मक आहे. सम्यक् समाधी भावात्मक आहे. ती चित्ताला कुशल कर्माचा विचार करण्याचे स्थायी वळण लावते. ध्यानाला पलायन समजून बाबासाहेबांच्या नावाने ते नाकारणारे आणि ध्यानालाच संपूर्ण धम्म समजणारे, असे दोन पक्ष आपल्या समाजात आहेत. पहिला पक्ष हा भेद वाचीत नाही, दुसरा तो आचरीत नाही. आनापानसतिसुत्त स्वतः सोळाव्या पायरीवर थांबत नाही. ते तेथून चार स्मृतिप्रस्थाने, सात बोध्यंगे आणि विद्या-विमुक्ती यांकडे जाते. म्हणजे बाबासाहेबांची अपेक्षा सुत्ताला बाहेरून जोडावी लागत नाही.

दिवसभर केळीच्या बागेत वा कापसाच्या शेतात राबून सायंकाळी विहारात येणाऱ्या उपासकाला आणि परीक्षेच्या भीतीने झोप उडालेल्या विद्यार्थिनीला श्वासाची ही साधना उपयोगी आहे, यात शंका नाही. त्यांना शिकविणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. श्वास रोखण्याची आणि श्वास जाणण्याची साधना एका नावाने शिकवू नये. गणना शिकविताना ती केव्हा सोडावी हेही त्याच दिवशी सांगावे. आणि ‘मी कितव्या पायरीवर आहे?’ असे कोणी विचारल्यास पायरीचा क्रमांक सांगू नये. उलट विचारावे की घरात शब्द मऊ झाला का, राग आल्याचे आता लवकर कळते का, दुसऱ्यावरील अन्याय पाहून मन पूर्वीपेक्षा अधिक जागे होते का. उत्तर होकारार्थी असेल, तर श्वास दीर्घ असो वा ऱ्हस्व, साधना योग्य दिशेने चालली आहे. ते नकारार्थी असेल, तर चौदाशे वर्षे प्राण रोखूनही कागद कोराच राहील.