‘+ सी’ कुठून येतो? बारावीचं इंटिग्रेशन पुन्हा वाचताना

जुलैमध्ये दोन दिवस मामाकडे पौडला होते. मुळशीतला पाऊस, त्यामुळे घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. मामेभाऊ बारावीत आहे. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, माझं उत्तर पर्यायांत नाहीये. कुठे चुकलं बघ ना.”

गणित साधं होतं: साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. त्याने साइन एक्स म्हणजे टी धरला आणि उत्तर काढलं, ‘साइन वर्ग एक्स भागिले २, + सी’. पर्यायात होतं ‘उणे कॉस २एक्स भागिले ४, + सी’. त्याने तीनदा तपासून पाहिलं, चूक सापडेना.

सापडणार कशी? चूक नव्हतीच. कॉस २एक्स म्हणजे १ उणे २ साइन वर्ग एक्स. ते पर्यायात घालून बघा: दोन्ही उत्तरांत फक्त १/४ चा फरक उरतो, आणि तो ‘सी’च्या पोटात जातो. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे सी नुसता शेवटी लिहायचा नसतो?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण मीसुद्धा एम.एस्सी.पर्यंत सी नुसता शेवटी लिहीत आले. ज्या क्लासला जायचे तिथे सांगायचे, “सी विसरलात तर अर्धा मार्क गेला.” सी का असतो, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून त्या रात्री त्याचं पुस्तक घेऊन बसले. बालभारतीचं बारावी कला-विज्ञानाचं गणित, भाग २, २०२० पासूनचं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो वाचावा असं वाटतं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचं इंटिग्रेशन अशाच एखाद्या पुस्तकात घडलंय.

आधी चांगलं ते सांगते. अँटीडेरिव्हेटिव्हची व्याख्या सरळ आहे: ज्याचं डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर दिलेलं फंक्शन मिळतं, ते. डेफिनिट इंटिग्रेशन बेरजेची मर्यादा म्हणून येतं, म्हणजे पाया चोरलेला नाही. उदाहरणं भरपूर आहेत, पायऱ्या स्वच्छ आहेत.

माझी तक्रार क्रमाबद्दल आणि भराबद्दल आहे. तिसरं प्रकरण इनडेफिनिट, चौथं डेफिनिट, पाचवं क्षेत्रफळ, सहावं डिफरन्शियल इक्वेशन. तिसऱ्यात व्याख्या होते न होते तोच सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन सुरू होतात. फंक्शनचा चेहरा बघून युक्ती ओळखायची, हाच मुख्य धंदा. ‘बदलाचा दर दिलाय, एका ठिकाणची किंमत दिलीय, आता मूळ फंक्शन शोधा’ असं एखादं गणित मध्येच येतं खरं, पण युक्त्यांच्या गर्दीत ते हरवतं. माझ्या मते विषयाचा गाभा तेच गणित आहे.

का, ते समजायला वर्तमानपत्र पुरेसं आहे. पुणे जिल्ह्यात पावसाळ्यात रोज दोन शब्द छापून येतात: क्युसेक आणि टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे दर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साठा. साठ्याचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे निव्वळ आवक. आवकेचं अँटीडेरिव्हेटिव्ह म्हणजे साठा.

आमच्या तालुक्यातलं टेमघर धरण घ्या, क्षमता ३.७१ टीएमसी. समजा दिवसभर निव्वळ आवक ३,००० क्युसेक राहिली. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केला की २५.९२ कोटी घनफूट, म्हणजे साधारण ०.२६ टीएमसी. आता सांगा, चोवीस तासांनी धरणात किती पाणी आहे?

सांगता येत नाही. सकाळी किती होतं ते मी सांगितलंच नाही. सकाळी ०.८० असेल तर चोवीस तासांनी १.०६, म्हणजे बातमी ‘धरण अजून रिकामंच’. सकाळी ३.६० असेल तर हिशोब ३.८६ वर जातो, म्हणजे धरण भरून पाणी खाली मुठेत सोडावं लागणार आणि खडकवासल्यापर्यंत सगळ्यांनी सावध राहायचं. पाऊस तोच, दर तोच, आकडेमोड तीच. फरक फक्त सीमध्ये. सी म्हणजे सुरुवातीचा साठा. दर कितीही अचूक मोजला तरी त्यातून तो निघत नाही. ती माहिती बाहेरून आणावी लागते, आणि तिला आपण ‘अर्धा मार्क’ म्हणतो.

दुसरी तक्रार अंतरालाबद्दल, म्हणजे इंटरव्हलबद्दल. १/एक्स चं इंटिग्रेशन ‘लॉग |एक्स| + सी’ हे आपल्याला पाठ असतं. पण १/एक्स शून्यापाशी तुटतं, म्हणून डाव्या आणि उजव्या तुकड्यावर वेगळे सी घेता येतात. उजवीकडे लॉग एक्स + १, डावीकडे लॉग (उणे एक्स) + २ असं फंक्शन घ्या आणि डेरिव्हेटिव्ह काढून पाहा. दोन्हीकडे १/एक्सच येतं. दोन अँटीडेरिव्हेटिव्हमध्ये फक्त एका स्थिरांकाचा फरक असतो हे विधान एका सलग अंतरालावर खरं आहे, आणि ‘सलग’ हा शब्द गाळला की ते खोटं होतं.

हा किस काढणं नाही. एक भागिले एक्स वर्ग हे फंक्शन उणे १ पासून १ पर्यंत इंटिग्रेट करा. सूत्र म्हणतं उणे १/एक्स. मर्यादा घातल्या की उत्तर उणे २. जे फंक्शन सगळीकडे धन आहे, त्याचं क्षेत्रफळ ऋण कसं? मध्ये शून्यापाशी फंक्शन तुटलंय, तिथे मूलभूत प्रमेय लागूच होत नाही. खरं तर ते क्षेत्रफळ अनंत आहे. युक्ती बरोबर लावून उत्तर निरर्थक आलं, आणि वहीतली एकही पायरी चुकलेली दिसत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. ई चा घात उणे एक्स वर्ग, याबद्दल मुलं म्हणतात, “याचं इंटिग्रेशन होत नाही.” होतं! फंक्शन सतत असेल तर त्याला अँटीडेरिव्हेटिव्ह असतंच: एक बिंदू पक्का धरायचा आणि तिथपासून एक्सपर्यंतचं क्षेत्रफळ घ्यायचं, झालं अँटीडेरिव्हेटिव्ह. नाही ते त्याचं सूत्र, म्हणजे बहुपदी, साइन, लॉग, ई असल्या ओळखीच्या फंक्शनमधून बांधलेलं रूप. हा फरक लिऊव्हिलने १८३० च्या दशकात सिद्धतेपर्यंत नेला. हार्डीने १९०५ मध्ये याच विषयावर छोटं पुस्तक लिहिलं. ‘आहे’ आणि ‘लिहिता येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तकातली सगळी गणितं लिहिता येणारीच असल्यामुळे मुलांना त्या एकच वाटतात. पुढे स्टॅटिस्टिक्समध्ये नॉर्मल कर्व्हचं टेबल समोर येतं, तेव्हा हे टेबल म्हणजे ज्याचं सूत्र नाही त्या अँटीडेरिव्हेटिव्हच्याच किमती आहेत, हे कळत नाही. मला कळलं नव्हतं.

पीएच.डी.ला आल्यावर काय होतं? सूत्र नसतंच. असतात मोजलेले आकडे, ठरावीक अंतराने, थोडे चुकीचे. पुन्हा धरणाकडे जाऊ. समजा आवक मोजताना रोज १०० क्युसेकची चूक होते, कायम एकाच बाजूला. पुरात १०० क्युसेक म्हणजे काहीच नाही. पण १२० दिवसांच्या पावसाळ्यात ती चूक साठून १.०४ टीएमसी होते, टेमघरच्या क्षमतेच्या पावपटीहून जास्त! इंटिग्रेशन चुका विसरत नाही, गोळा करतं. म्हणून व्यवहारात बहुधा उलटं करतात: पाण्याची पातळी मोजून साठा ठरवतात आणि साठ्यातल्या बदलावरून, सोडलेलं पाणी धरून, आवक काढतात. मोजायचं काय आणि काढायचं काय, ही निवड संशोधनात रोज करावी लागते. बाय पार्ट्समध्ये कितीही हात बसलेला असला तरी ती निवड त्यातून येत नाही.

पुस्तकाची बाजूही मांडायला हवी. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तिथे युक्ती ओळखणाराच तरतो, आणि पुस्तक त्या मुलाला उपाशी ठेवत नाही. युक्त्या टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या चार पानांत एखादं धरण, एखादं तुटलेलं फंक्शन आणि सूत्र नसलेलं एक अँटीडेरिव्हेटिव्ह आलं असतं, तर सहाव्या प्रकरणातली डिफरन्शियल इक्वेशनं आकाशातून पडल्यासारखी वाटली नसती.

तोवर हे काम आपलं आपण करायचं. मुलाखतीत किंवा लॅबमध्ये इंटिग्रेशन समोर आलं की पेन उचलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. फंक्शन कोणत्या सलग अंतरालावर आहे? सी ठरवायला माझ्याकडे कोणती माहिती आहे? मला सूत्र हवंय की किंमत?

मामेभावाला मी शेवटी एक गणित देऊन आले, तेच तुम्हालाही देते. टेमघरमध्ये सकाळी सहाला २ टीएमसी पाणी आहे. निव्वळ आवक तेव्हा शून्य आहे आणि ताशी ५०० क्युसेकने वाढतेय. धरण कधी भरेल? सबस्टिट्यूशन लागत नाही. सी मात्र लागतो.