नटाची वाणी आणि मुत्सद्द्याची वाणी

‘मुत्सद्दी’ हा शब्द मराठीस अरबी-फारसीकडून मिळाला. मुघली कारभारात तो हिशेबनीस, कारकून अशा अर्थी चाले. मराठीत त्यास राजकारणपटुत्वाची प्रतिष्ठा लाभली. ‘नाटकी’ हे विशेषण मात्र निंदाव्यंजकच राहिले. त्यामुळे एखादा नट परराष्ट्र खात्यात बसला की त्याचे श्रेय लोकप्रियतेस देऊन टीकाकार मोकळे होतात. विनोद खन्ना (१९४६–२०१७) यांच्याविषयीही असेच घडले.

देवळालीच्या शाळेत शिकलेला हा नट प्रथम खलनायक म्हणून पुढे आला. ‘मेरे अपने’ (१९७१) मध्ये बेकार तरुणांच्या दोन टोळ्यांचे म्होरके विनोद खन्ना व शत्रुघ्न सिन्हा आहेत. पुढे हे दोघेही २००२ साली वाजपेयी मंत्रिमंडळात मंत्री झाले, हा योगायोग अभ्यासकास उपयोगी पडणारा आहे. सिन्हांचे वाक्य टाळीसाठी थांबते. खन्नांचे वाक्य शेवटी खाली उतरते आणि संपते. एकाची लकब सहज उचलता येते, दुसऱ्याची नक्कल फारशी कोणी करीत नाही.

‘अचानक’ (१९७३) हा त्याचा उत्तम पुरावा होय. या चित्रपटात एकही गीत नाही. पत्नी व मित्र यांची हत्या केलेल्या लष्करी अधिकाऱ्यास डॉक्टर वाचवितात, ते फाशी देता यावी म्हणून. आक्रोशास एवढा वाव असताना खन्ना ही भूमिका जवळजवळ बोलीच्या पट्टीत बोलतात. नंतरच्या मारधाडीच्या चित्रपटांनी हा गुण बराचसा वाया घालविला, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९८२ नंतर तर त्यांनी रजनीशांच्या आश्रमासाठी पडदाच सोडला. ते परतले १९८७ साली. ‘लेकिन’ (१९९१) मध्ये मात्र जुन्या वाड्यातील वस्तूंची नोंद करावयास आलेला अधिकारी ऐकण्याचेच काम अधिक करतो. जुन्या अर्थाने तो मुत्सद्दीच!

भूम तालुक्यातील श्रोत्यास ही संयत हिंदी-उर्दू परकी वाटण्याचे कारण नव्हते. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता आणि निजामी अमलात कचेरीची भाषा उर्दू होती. हळू व अदबीने बोलणे म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे तेथील कानास ठाऊक होते. मुंबईच्या समीक्षेने हा श्रोता क्वचितच विचारात घेतला.

गुरुदासपूरहून १९९८ साली प्रथम लोकसभेवर गेलेले खन्ना २००३ साली परराष्ट्र राज्यमंत्री झाले. ते राजदूत नव्हते, आणि ही कारकीर्द दीड वर्षाहूनही अल्प ठरली. तेव्हा तिच्यावर फार मोठा सिद्धान्त उभारणे योग्य नव्हे. परंतु त्या खात्यात न बोललेल्या शब्दासही किंमत असते, आणि ती शिस्त या नटाने ‘अचानक’मध्येच दाखविली होती. लोकसभेच्या छापील कार्यवृत्तात शब्द उरतात, स्वराचा उतार उरत नाही. म्हणून त्यांच्या भाषणांचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम हा चित्रपट कान देऊन ऐकावा आणि मगच कार्यवृत्त उघडावे.